मतदार यादीत आपलं नाव आहे का? लातूर-नांदेडच्या घराघरात विचारायचा प्रश्न

महापालिकांच्या प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबरला प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या दिवशी जुमा होता. नमाज संपल्यावर लातूरच्या एका मोहल्ल्यात आम्ही चार-पाच जण दुकानाच्या ओट्यावर यादीचे कागद घेऊन बसलो. ज्याला आपलं नाव बघायचं आहे त्याने यावं, एवढंच सांगितलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात तरुण आले, मोबाईलवर नाव शोधून निघून गेले. नंतर म्हातारी माणसं यायला लागली आणि खरी गर्दी तेव्हा झाली.

त्यात एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला मोतीबिंदू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र. त्यांचे पती कोरोनात वारले. यादीत पतीचं नाव होतं, आजींचं नव्हतं. दोनदा पाहिलं, शेजारच्या भागाची यादी पाहिली, नाव नाही. बहुधा मयताचं नाव कमी करताना कुणीतरी एक ओळ वर-खाली केली असावी. आजी म्हणाल्या, "मैं तो जिंदा बैठी हूँ ना बेटा, फिर मेरा नाम किनें काटा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याहून वाईट बातमी आम्हालाच त्यांना सांगावी लागली, की आज अर्ज केला तरी येत्या महापालिकेला तुम्हाला मत देता येणार नाही.

असं का, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्यातले शिकलेले लोकसुद्धा इथे फसतात. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण या आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाने तयार केलेली यादी तो घेतो आणि प्रभागाप्रमाणे तिचे तुकडे करतो. या वेळी त्यासाठी १ जुलै २०२५ या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी धरली होती. त्या दिवशी ज्याचं नाव यादीत होतं तोच मतदार. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेला मुलगा, सप्टेंबरमध्ये लग्न होऊन लातूरला आलेली सून, चुकून नाव गेलेली आजी, हे तिघेही या निवडणुकीपुरते बाहेर राहिले. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, या वेळी मुदत ३ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवलीही होती. पण त्या हरकतीतून फक्त एवढंच दुरुस्त होतं की विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीतून सुटलं, किंवा तुमची गल्ली एका प्रभागात आणि नाव दुसऱ्याच प्रभागात गेलं, किंवा लिहिण्यात चूक झाली. नवीन नाव घालण्याचा किंवा जुनं काढण्याचा अधिकार राज्य आयोगाला नाही.

म्हणजे प्रचाराचे भोंगे वाजू लागल्यावर यादी तपासणारा माणूस पाच महिने उशिरा आलेला असतो. आपला समाज नेमका तेव्हाच जागा होतो, हे आम्ही दर निवडणुकीत पाहतो आहोत.

साडेतीन वर्षं नगरसेवकच नव्हता

काही जण म्हणतात, एका मताने काय होतं? लातूरमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्याचं आम्हाला नवल वाटतं. १९९५ ला विधानसभेला पडल्यावर विलासराव देशमुख विधान परिषदेला उभे राहिले आणि अर्ध्या मताने हरले, ही गोष्ट इथे रिक्षावालाही सांगतो. परिषदेच्या मतांचा हिशेब वेगळा असतो हे खरं, पण अर्धं मत ते अर्धंच. जवळचं बघायचं तर २० नोव्हेंबर २०२४ ची नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक बघा. अठरा लाखांहून अधिक मतदारांचा मतदारसंघ, आणि निकाल लागला १,४५७ मतांनी. त्याच दिवशी मालेगाव मध्यमध्ये विधानसभेचा निकाल लागला १६२ मतांनी. एकशे बासष्ट! आपल्या एका मोठ्या मोहल्ल्यात यापेक्षा जास्त नावं यादीतून गळलेली असू शकतात. लातूर शहर विधानसभेतही फरक ७,३९८ मतांचाच होता. कोण जिंकलं, कोण हरलं, चांगलं झालं की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांना यापैकी कशातच बोलायची संधी नव्हती, एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

आणि निवडणूकच झाली नाही तर काय होतं, हे लातूरने अलीकडेच अनुभवलं. २०१७ मध्ये निवडून आलेल्या ७० नगरसेवकांची मुदत मे २०२२ मध्ये संपली. नांदेड-वाघाळ्याची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले सुप्रीम कोर्टात चालत राहिले. शेवटी कोर्टाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, आणि ते जमत नाही म्हटल्यावर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. या साडेतीन वर्षांत गल्लीतला नळ आठ-आठ दिवस आला नाही, नाली तुंबली, रस्त्यावरचा दिवा गेला, तर जायचं कुणाकडे? अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर बसायचं. नगरसेवक चांगला असो की वाईट, तो सकाळी चहाच्या टपरीवर सापडतो आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याला आपल्याच दारात यायचं असतं. या भीतीनेच तो काम करतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात पाण्याचा प्रश्न कुणाला विचारायचा, हा काही पुस्तकी विषय नाही.

२ डिसेंबर २०२५ ला उदगीर, औसा, अहमदपूर या नगरपरिषदांचं मतदान होतं. तिथल्या भावा-बहिणींसाठी यादीची वेळ आधीच गेली होती. मतदान जवळ आलं की केंद्र कुठलं हे शोधून ठेवावं आणि आजारी माणसाला नेण्याची सोय आदल्या दिवशी करावी.

एकच यादी, सर्वांची

आज मतदार यादी म्हटलं की कंटाळवाणं सरकारी काम वाटतं. पण ही यादी कशी जन्माला आली ते आपल्या मुलांना सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात मत सगळ्यांना नव्हतं. जमीन, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या, आणि १९०९ नंतर मुसलमान मतदारांची यादी वेगळी, मतदारसंघ वेगळा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा बहुतेकांना तो वेडेपणा वाटत होता. संविधान सभेत स्वतंत्र मतदारसंघांना विरोध करणाऱ्यांत बेगम कुदसिया ऐजाज रसूल होत्या. संविधान सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम महिला. त्यातून दोन कलमं आली. कलम ३२५ म्हणतं, प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग यांच्या कारणावरून कुणाला त्यातून वगळता येणार नाही. कलम ३२६ म्हणतं, प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत. तेव्हा वय एकवीस होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरा झालं.

आपल्या मराठवाड्यासाठी तर ही गोष्ट आणखी जवळची आहे. आपले आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, जिथे सामान्य माणसाच्या मताला किंमत नव्हती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत काय घडलं, ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि त्या अहवालात लातूरचंही नाव आहे. अनेक घरांत त्याबद्दल आजही हळू आवाजात बोलतात. पण त्याच भागात, त्याच्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्या लागल्या. ज्यांनी घरं गमावली होती ते आणि ज्यांच्याबद्दल त्यांना भीती होती ते, एकाच यादीतले मतदार होते. आम्हाला यात संविधानाची ताकद सगळ्यात स्पष्ट दिसते. भाषणात दिसते त्यापेक्षा जास्त.

त्याच पहिल्या यादीची एक दुसरी बाजूही आहे. देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं तेव्हा यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहून दिलं. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी अशी नावं चालणार नाहीत म्हणून ठाम भूमिका घेतली. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून हसू नका. आमच्या ओट्यावर त्या दिवशी किमान तीन पुरुषांनी आपल्या घरातल्या बाईचं नाव यादीत कसं लिहिलं असेल, ते सांगताना अडखळून घरी फोन लावला. आधार कार्डावर "बेगम", ओळखपत्रावर "बी", निकाहनाम्यात तिसरंच.

पुढे येणारी पडताळणी

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली आणि संपली. त्यानंतरचा मुद्दा म्हणजे मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण, ज्याला बातम्यांत 'एसआयआर' म्हणतात. बिहारमध्ये ते जून २०२५ मध्ये सुरू झालं. ४ नोव्हेंबर २०२५ पासून उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात, गोवा, पश्चिम बंगाल अशा बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालं. महाराष्ट्र या फेरीत नव्हता, कारण इथे स्थानिक निवडणुका होत्या. आपल्याला मिळालेला हा थोडा वेळ होता.

बिहारमध्ये काय झालं? आधी ७ कोटी ८९ लाख मतदार होते. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख उरले. पासष्ट लाख नावं बाहेर. आयोगाचं म्हणणं, सुमारे २२ लाख मयत, ३६ लाख गाव सोडून गेलेले किंवा न सापडलेले, ७ लाख दोन ठिकाणी नोंदलेले. यातली पुष्कळ नावं खरोखरच काढण्यासारखी असतील, हे मान्य करायला हवं. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहणं कुणाच्याच हिताचं नाही. पण मयत ठरवलेली जिवंत माणसं सुप्रीम कोर्टात येऊन उभी राहिली, हेही देशाने पाहिलं. १४ ऑगस्टला कोर्टाने आदेश दिला की वगळलेली सगळी नावं कारणासह जाहीर करा. ८ सप्टेंबरला सांगितलं की आधार कार्ड बारावा कागद म्हणून स्वीकारा, मात्र तो ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. शेवटच्या यादीत ७ कोटी ४२ लाख नावं आली. ज्यांनी पाठपुरावा केला त्यांच्यातले बरेच परत आत आले.

त्या बारा राज्यांत जी पद्धत ठरली ती अशी. बीएलओ घरी फॉर्म आणून देतो. त्यात विचारलेलं असतं की मागच्या सखोल पडताळणीच्या यादीत, म्हणजे २००२ ते २००४ दरम्यानच्या, तुमचं नाव होतं का. नसेल तर आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कुणाचं होतं. नातं जुळलं तर पुढे बहुतेक अडचण नाही. जुळलं नाही तर नोटीस येते आणि कागद मागतात. १ जुलै १९८७ च्या आधी जन्म असेल तर फक्त स्वतःचा कागद. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंतचा जन्म असेल तर स्वतःचा आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचा. त्याच्याही नंतरचा असेल तर दोघांचा. महाराष्ट्रात नियम थोडे बदलून येतील किंवा तसेच येतील. तयारी मात्र हेच धरून करावी लागेल.

आता लातूर-नांदेडच्या घरात हे नीट लावून बघा. २००२ मध्ये आज लातूर शहरात राहणारी अर्धी माणसं कुठे होती? कुणी चाकूर तालुक्यातल्या खेड्यात, कुणी देगलूरला, कुणी पार बीदरकडे. दुष्काळात गाव सुटलं, कुणी मुलांच्या शिकवणीसाठी शहरात खोली केली आणि तिथलेच झाले, कुणी भिवंडी-पुण्याला गेले आणि परत आले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर कितीतरी गावं जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसली. त्या वेळच्या यादीत आपलं नाव कोणत्या गावात, कोणत्या केंद्राच्या भागात होतं, हे अब्बांना आठवत असेल तोवर विचारून घ्या. सध्या हयात असलेला बुजुर्ग हाच आपला सगळ्यात मोठा दस्तऐवज आहे.

सर्वात जास्त ओझं बायकांवर पडणार आहे. आज पस्तीस वर्षांची सून २००२ मध्ये बारा वर्षांची होती. तिचं नाव तेव्हाच्या यादीत असणं शक्यच नाही. तिचं नातं जुळणार ते माहेरच्या यादीतून, वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून. माहेर उमरग्याचं, सासर लातूरचं, आणि माहेरच्या यादीत वडील "शेख महेबूब", तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर "शेख मेहबूबसाब". बरं, दहावीचं प्रमाणपत्र असलं तर. आयोगाच्या कागदांच्या यादीत बोर्डाचं प्रमाणपत्र आहे, पासपोर्ट आहे, जन्म दाखला आहे. रेशन कार्ड नाही. आठवीत शाळा सोडलेल्या मुलीकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो, तो बोर्डाचा कागद नव्हे. जन्म दाखल्याचं म्हणाल तर घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद कितीजणांनी केली होती? उशिराच्या नोंदीचे दाखले राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबवले आणि मार्चमध्ये नवे कडक नियम आणले. त्यामुळे आता कचेरीत गेलं की दाखला मिळाला असं होत नाही, महिने जातात. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी नोटीस येईपर्यंत थांबणं म्हणजे पेपरच्या दिवशी पुस्तक विकत घेणं.

मुलींच्या शिक्षणावर आपण पुष्कळ बोलतो. दहावीचं प्रमाणपत्र तिच्या हाती असेल तर तिला नवऱ्याच्या किंवा बापाच्या कागदावर अवलंबून राहावं लागत नाही, हा त्या शिक्षणाचा एक फायदा कुणी सांगत नाही.

काही कटू गोष्टीही बोलल्या पाहिजेत. आपल्यातल्या कितीतरी घरांची नावं गावातही आहेत आणि लातूरमध्येही. गावच्या सरपंचकीला गाडी करून जायचं, इकडे नगरसेवकाला मत द्यायचं. कुणाला यात गैर वाटत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, एकदाच असेल. आणि खोटी माहिती लिहून दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदाराकडून केंद्रावर लिहून घ्यायचं ठरलं होतं की मी दुसरीकडे मत देणार नाही. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधी पक्षांनी याच दुबार नावांवरून मोठा मोर्चा काढला. उद्या पडताळणीत दोन्हीकडे फॉर्म भरला आणि दोन्हीकडचं नाव अडचणीत आलं तर तक्रार कुणाकडे करणार? जिथे राहता तिथलं एक ठेवा. दुसरं स्वतः अर्ज करून काढा.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. बिहारच्या बातम्या आल्यापासून रोज एक आवाजी संदेश फिरतो की अमुक कागद नसेल तर देशातून बाहेर काढणार. आम्हाला विचाराल तर सरकारने सगळ्या शंका दूर केल्या आहेत असं नाही, आणि नागरिकत्व तपासण्याचा आयोगाला कितपत अधिकार आहे हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे गेला. पण घाबरलेला माणूस दार बंद करून बसतो, बीएलओला माहिती देत नाही, आणि मग "न सापडलेला" म्हणून त्याचं नाव जातं. भीतीने नेमकं तेच घडतं ज्याची भीती होती. बीएलओ म्हणजे कोण? आपल्याच झेडपी शाळेतले गुरुजी, नाहीतर अंगणवाडीच्या ताई. त्यांना हजार-बाराशे मतदारांची घरं शाळा सांभाळून फिरायची असतात. त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या, आणि कागद हाती ठेवा.

यादीतून नाव काढण्याचा अर्ज त्याच मतदारसंघातला दुसरा कुणीही मतदार करू शकतो, हेही बहुतेकांना माहीत नसतं. फॉर्म ६ नवीन नावाचा, फॉर्म ८ पत्ता बदल आणि दुरुस्तीचा, आणि फॉर्म ७ नावावर आक्षेपाचा. उमरगा ओलांडून कर्नाटकात गेलं की फार दूर नाही ते आळंद. तिथे २०२३ च्या विधानसभेआधी ६,०१८ नावं काढण्याचे ऑनलाइन अर्ज आले. एका बीएलओला दिसलं की आपल्याच नातेवाइकाचं नाव काढायचा अर्ज आला आहे, तोही शेजाऱ्याच्या नावाने. शेजाऱ्याला विचारलं, तर त्याला पत्ताच नाही. मग सगळे अर्ज तपासले, तर त्यातले फक्त २४ खरे निघाले. बाकीची नावं वाचली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आपल्या राज्यात राजुऱ्याला उलटं झालं, तिथे बनावट नावं घालण्याचे हजारो अर्ज सापडले. दोन्हीकडे पक्षांचे आरोप-प्रत्यारोप झाले. पण आळंदची नावं वाचली ती कुणीतरी यादी डोळ्यांनी वाचली म्हणून.

नाव काढण्याआधी नोटीस देणं आणि ऐकून घेणं बंधनकारक आहे. याची एक गोष्ट महाराष्ट्राच्या लोकांना तरी माहीत असायला हवी. नव्वदच्या दशकात मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांना, ज्यांची नावं आधीपासून यादीत होती, तुम्ही नागरिक असल्याचं सिद्ध करा अशा नोटिसा निघाल्या होत्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९५ मध्ये सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांच्या खंडपीठाने लाल बाबू हुसेन खटल्यात सांगितलं की ज्याचं नाव आधीच्या यादीत आहे तो नागरिक आहे असं धरून चालायचं. शंका असेल तर कारण सांगून नोटीस द्या, त्याचे सगळे पुरावे बघा, फक्त पोलिसांच्या अहवालावर नाव काढू नका. तीस वर्षं झाली, हा निकाल आजही वकील हातात घेऊन उभे राहतात. आपलं नाव गेलं तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत अपील करता येतं, तिथेही न्याय नाही मिळाला तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हे दिवस निर्णयापासून मोजतात, आपल्याला कळलं तेव्हापासून नाही. म्हणून लेखी निर्णय मागून घ्यावा.

मस्जिदीत हे सांगावं का, असं काही मुतवल्ली आम्हाला विचारतात. कायदा असा आहे: १९८८ च्या कायद्याने धार्मिक स्थळांचा वापर राजकीय कामासाठी करता येत नाही, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने धर्माच्या नावावर मत मागणं गैर ठरवलं. अमुक पक्षाला मत द्या, हे मिंबरवरून सांगू नका. यादीत आपलं नाव तपासा, अठरा झालेल्या मुलामुलींची नोंद करा, हे कुठल्याही पक्षाचं काम नाही. ते सांगायला हरकत नसावी. तरी आम्ही बाहेर ओट्यावरच बसतो. तिथे शेजारचे मारवाडी काका आणि बौद्ध वाड्यातली पोरंही येऊन नाव बघून जातात, आणि त्यांचीही नावं गळलेली सापडतात.

तरुणांसाठी एक सोपी गोष्ट. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असावे लागत. आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेला मुलगा आधीच अर्ज भरून ठेवू शकतो. अकरावी-बारावीच्या नीट-जेईईच्या धावपळीत लातूरची पोरं शिकवणीचे दहा फॉर्म भरतात, त्यात हा अकरावा. फक्त गावाकडून आलेल्या मुलांनी ठरवावं की नोंद लातूरच्या खोलीच्या पत्त्यावर करायची की घरच्या.

त्या आजींचा फॉर्म ६ आम्ही शनिवारी भरला. फोटो काढायला त्यांना जिन्यावरून खाली आणावं लागलं. पतीच्या नावाचा फॉर्म ७ नातवाने भरला, मृत्यू दाखला जोडला. २००२ च्या यादीचं विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा आम्ही रेणापूरला होतो, शाळेत मत टाकलं होतं, शाळेसमोर लिंबाचं झाड होतं. गुरुजी पुढच्या आठवड्यात घरी येतो म्हणालेत. अर्जाचा क्रमांक नातवाच्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल हरवतो म्हणून तो आम्ही आजींच्या ओळखपत्राच्या पिशवीत कागदावर लिहूनही ठेवला आहे.